हक्कसोड

उपकारस्तुतीचा रविवार. जालन्याचं जुनं दगडी चर्च.
वेदीपुढं भोपळे, बाजरीची कणसं,
पाय बांधलेल्या दोन कोंबड्या,
आणि बाहेर खांबाला कुणाचं तरी बोकड,
गीताच्या मधेच ओरडणारं.
माझी टोपली मोसंबीची. वरची फळं पुसून ठेवलेली.
उपासनेनंतरचा लिलाव दर साली मीच पुकारतो,
मंडळीचा पंच, आवाज खणखणीत.

वाचन आशेरकडं होतं. नुकतं मिसरूड फुटलेलं पोर,
अडखळत वाचत होतं:
वेदीपाशी आलास, आणि आठवलं
की कुणाच्या तरी मनात तुझ्याविषयी काही सलतंय,
तर दान ठेव तिथंच. आधी जा.

साठ वर्षं मी हे उलटं ऐकत आलो.
मला वाटायचं, माझ्या मनात काही असेल तर.
माझ्या मनात काहीच नव्हतं.
मन स्वच्छ होतं,
ज्याच्या नावावर सातबारा असतो
त्याचं असतं तसं.

रिबका परतूरला असते.
नवरा जाऊन तिला तीन महिने झाले होते
तेव्हा मी तिला बदनापूरला नेलं, रजिस्ट्री कचेरीत.
म्हणालो, इथं सही कर.
म्हणाली, सगळंच का रे?
म्हणालो, माहेर कुठं जातंय.
मग एक साडी, अर्धा किलो बालूशाही.
बालूशाही तिनं तिथंच वाटून टाकली,
मुद्रांकवाल्याला, शिपायाला, झाडाखालच्या पोरांना.
मला वाटलं, खूश आहे.

मी उठलो. टोपली उचलून पायरीवर ठेवली.
बायकोला वाटलं लघवीला चाललो.
या वयात लोक तेवढंच समजतात.

वाटूर फाट्यापर्यंत एसटीत
मी देवाशी घासाघीस केली.
अर्धा एकर देतो.
बरं, मोसंबीचं निम्मं उत्पन्न.
बरं, माझ्यामागं पोराला सांगून ठेवतो.
तो बोलला नाही.
लिलावात एखादा असतो ना,
एकदाच बोली लावतो
आणि मग मांडी घालून बसतो, हलत नाही,
तसा.

रिबका भाकरी थापत होती.
"कामून आलास, शमू?"
म्हणालो, माफी मागाया.
तिनं भाकर उलटली. फुगू दिली.
मनगटानं कपाळ पुसलं, पीठ लागलं तिथं.
"कागद आणलास का?"

मी माझ्या हातांकडं पाहिलं.
इतक्या वर्षांच्या प्रार्थना,
त्यात एक कागद नव्हता.

"मंग जेव," ती म्हणाली.
"कागद आणशील तवा माफीचं बघू."
आणि पाटावर ताट सरकवलं,
गरम भाकर, तिळाची चटणी,
चटणीत मधोमध खड्डा करून त्यात तेल,
आई करायची तसा.
मी जेवलो. ती समोर बसून राहिली.
तिनं मला माफ केलं नव्हतं
आणि उपाशीही जाऊ दिलं नाही.

रात्री घरी कळलं, टोपली एकशेदहाला गेली.
पुकारणारा नवा होता, बोली चढली नाही.
पोराला सांगितलं.
घास हातातच राहिला त्याचा.
"येशूनं काय फेरफार मागितला होता का, दादा?"
मला उत्तर आलं नाही.
तो उठून गेला. अजून बोलत नाही.
आत्याशी नाही, माझ्याशी तर नाहीच.
याबद्दल पाळकसाहेबांना विचारलं.
ते म्हणाले, प्रार्थना करू.
करतोय.

गुरुवारी कचेरीत कारकून म्हणाला,
बक्षीसपत्र आहे ना हे?
तिचंच तिला, आणि वर नाव बक्षीस.
मी दुरुस्त करायला गेलो,
तो म्हणाला, कायद्यात दुसरा शब्द नाही, बाबा.
रिबका बाकावर, पिशवी मांडीवर, काही न बोलता.

अंगठा टेकवा मशीनवर.
टेकवला.
येत नाही. झिजलाय.
शर्टाला पुसून टेकवला.
दाबून, बाबा.
मागं रांग खोळंबलेली. कुणीतरी जीभ टाळ्याला लावून च्यॅक केलं.
रिबकानं पिशवीतून बाटली काढली,
पदराचं टोक भिजवून माझा अंगठा पुसला,
चुरचुर होईस्तोवर,
आणि म्हणाली,
पुन्हा.